चित्र धरून ठेवणारी पेटी

वेळ कोणासाठी थांबत नाही, असे आपण म्हणतो. टीव्हीवरचा कार्यक्रमही कोणासाठी थांबत नाही. बातम्या सात वाजता, म्हणजे सातलाच. त्या वेळी गवळी धारा काढत असतो. कारखान्यातला कामगार पाळीवर असतो. घरातली बाई स्वयंपाकात असते. कार्यक्रम आला आणि गेला. दवंडीवाला चावडीपुढून दवंडी देऊन जातो आणि आपण नेमके शेतावर असतो, तसेच हे.

मग ती दवंडी कुणी धरून ठेवली तर? आपण सावकाश घरी यावे, हातपाय धुवावेत, जेवावे आणि मग ती ऐकावी. असे झाले तर किती बरे!

अशी एक पेटी आहे. हवेतून आलेले टीव्हीचे चित्र ती धरून ठेवते आणि आपण सांगू तेव्हा दाखवते. तिला रेकॉर्डर म्हणतात. अमेरिकेत ही पेटी पुष्कळ घरांत आहे. आपल्याकडची कितीतरी मुले-मुली कामधंद्यासाठी त्या देशात गेली आहेत. त्यांच्यापैकी कुणी फोनवर सांगतो, “घरावर अँटेना लावला.” आपल्याला नवल वाटते. एवढा पैसेवाला देश, आणि तिथे अजून अँटेना? होय, वाचकहो, आहे. का आहे, पेटी कशी चालते, लोकांना तिचे अनुभव कसे आले, ते आपण पाहू. पेटी तिकडची असली तरी तिच्यापासून घेण्याजोगा धडा इकडचाही आहे.

हवेतून चित्र कसे येते?

शिकागो नावाचे मोठे शहर आहे. तिथे विलिस टॉवर ही इमारत आहे. तिची उंची ४४२ मीटर. तिच्या माथ्यावर उंच खांब आहेत. तिथून टीव्हीची केंद्रे आपले कार्यक्रम हवेत सोडतात. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. घरावरचा अँटेना त्या पकडतो आणि तारेने टीव्हीत आणतो.

या चित्राला पैसे पडत नाहीत. केंद्राचा खर्च जाहिरातींतून निघतो. काही केंद्रे लोकांच्या देणग्यांवर चालतात. घरात तारेने येणाऱ्या टीव्हीला, म्हणजे केबलला, मात्र दरमहा पुष्कळ पैसे मोजावे लागतात. म्हणून ज्यांना महिन्याचा खर्च कमी करायचा आहे, ते अँटेनाकडे वळतात. अँटेना एकदाच घ्यायचा. पुढे बिल नाही.

पूर्वी या लहरी जुन्या पद्धतीच्या होत्या. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी ती पद्धत बंद केली. सगळे प्रक्षेपण आकड्यांच्या पद्धतीचे, म्हणजे डिजिटल झाले. ज्यांचे टीव्ही जुने होते, त्यांच्यासाठी सरकारने ४० डॉलरची कुपने दिली. एका घराला दोन कुपने मिळत. त्यांतून लोकांनी जोडपेट्या घेतल्या.

आकड्यांची पद्धत म्हणजे काय? चित्र आणि आवाज यांचे आकडे करायचे. आकडेही दोनच, शून्य आणि एक. एका वाहिनीच्या लहरीवरून दर सेकंदाला असे सुमारे १ कोटी ९४ लाख आकडे येतात. टीव्ही ते वाचतो आणि त्यांचे पुन्हा चित्र करतो.

इथेच पेटीचे काम सोपे होते. चित्र साठवायचे म्हणजे हे आकडे जसेच्या तसे लिहून ठेवायचे. दुसरे काही करायचे नाही. वाण्याच्या चोपडीतला आकडा आज वाचा, नाही तर सहा महिन्यांनी वाचा, तो बदलत नाही. तसेच हे चित्र. आज पाहिले काय आणि वर्षाने पाहिले काय, सारखेच स्वच्छ दिसते. जुन्या कॅसेटचे तसे नव्हते. ती जितकी फिरवावी तितकी झिजायची.

पेटीच्या पोटात काय असते?

मुख्य गोष्टी तीन.

पहिली म्हणजे ट्यूनर. हवेत अनेक केंद्रांच्या लहरी एकदमच असतात. त्यांतली हवी ती वेगळी काढतो तो ट्यूनर. बाजारात शंभर माणसे बोलत असतात, तरी आपण त्यांतून आपल्या माणसाचा आवाज ओळखतो. तसेच हे. एक ट्यूनर एका वेळी एकच लहर धरतो. पेटीत दोन ट्यूनर असले तर दोन वेगवेगळ्या केंद्रांचे कार्यक्रम एकाच वेळी साठतात. चार असले तर चार.

दुसरी म्हणजे डिस्क. ही पेटीची कणगी. आकडे तिच्यात भरले जातात. स्वच्छ, मोठ्या चित्राचा एक तासाचा कार्यक्रम सुमारे ६ जीबी जागा खातो. जीबी हे साठ्याचे माप आहे. धान्याला जसा पोता, तसे. १००० जीबीच्या डिस्कमध्ये अंदाजे दीडशे तासांचे कार्यक्रम मावतात.

तिसरी म्हणजे वेळापत्रक. कोणत्या केंद्रावर, कोणत्या दिवशी, किती वाजता काय आहे, याची ती यादी असते. बऱ्याच पेट्या ही यादी इंटरनेटवरून आणतात. दोन आठवड्यांपर्यंतचे कार्यक्रम तीत दिसतात. आपण नावावर बोट ठेवायचे आणि “हे ठेव” म्हणायचे. पेटी वेळेवर जागी होते आणि काम करते. “ही मालिका दर आठवड्याला ठेव,” असेही सांगता येते.

आणखी एक सोय आहे. चालू कार्यक्रम थांबवताही येतो. दारात कोणी आले, बाळ रडले, तर बटण दाबावे. चित्र थांबते. पण पेटी आतल्या आत पुढचे लिहीतच असते. परत येऊन बटण दाबले की जिथे सोडले तिथून पुढे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ही सोय फार आवडते. बातमीतले नीट ऐकू आले नाही, तर थोडे मागे जाऊन पुन्हा ऐकता येते.

लोकांना आलेले अनुभव

पेटी दुकानातून आणली, तारा जोडल्या आणि सगळे सुरळीत झाले, असे होतेच असे नाही. वापरणारे काय सांगतात, ते ऐकण्यासारखे आहे.

पहिला अनुभव अँटेनाचा. बहुतेक तक्रारी पेटीच्या म्हणून सुरू होतात आणि अँटेनाशी येऊन थांबतात. जुन्या पद्धतीत लहर कमी पडली तर पडद्यावर मुंग्या दिसत. चित्र अंधूक व्हायचे, पण दिसायचे. डिजिटलचे तसे नाही. माणूस डोंगरावर कड्यापर्यंत नीट चालत जातो. आणखी एक पाऊल टाकले की खाली. हे चित्रही तसेच. लहर पुरेशी आहे तोवर एकदम स्वच्छ. थोडी कमी पडली की चित्राचे चौकोनी तुकडे होतात, आवाज तुटतो. आणखी कमी झाली की पडदा काळा.

टीव्ही पाहताना असे झाले तर आपण उठून अँटेना हलवतो. पण पेटी एकटीच काम करत असते. तिच्यात तुकडे तुकडेच साठतात. घरी येऊन पाहावे, तर नेमका महत्त्वाचा भाग फुटलेला! म्हणून जाणते लोक सांगतात, “पैसे आधी अँटेनावर घाला, मग पेटीवर.” अँटेना जितका उंच तितका चांगला. त्याचे तोंड केंद्राच्या खांबाकडे हवे. वाटेत टेकडी नको, मोठी इमारत नको. झाडेसुद्धा आड येतात. हिवाळ्यात झाडे निष्पर्ण असताना चित्र चांगले येते आणि पालवी फुटली की बिघडते, असे पुष्कळांनी अनुभवले आहे.

शिकागोच्या बाजूला आमच्या नात्यातली एक मुलगी नर्स आहे. तिला रात्रपाळी असते. तिच्या घरी खिडकीला कागदासारखा पातळ अँटेना चिकटवला होता. सगळी केंद्रे येत, पण दोन नंबरचे केंद्र येईना. आम्ही तिला कारण विचारले, तेव्हा तिने ते समजावून सांगितले. टीव्हीवर दिसणारा नंबर ही केंद्राची जुनी ओळख असते. खरी लहर दुसरीच असू शकते. तिथल्या डब्ल्यूबीबीएम या केंद्राचा नंबर दिसतो २, पण ते येते १२ नंबरच्या लहरीवर. ही लहर लांब पल्ल्याची, म्हणजे व्हीएचएफ पट्ट्यातली आहे. बाकीची पुष्कळशी केंद्रे आखूड लहरींच्या यूएचएफ पट्ट्यात आहेत. पातळ, छोटा अँटेना आखूड लहरी नीट धरतो, लांब लहर सोडून देतो. मग त्यांनी लांब दांड्यांचा अँटेना माळ्यावर बसवला. दोन नंबर दिसू लागला. ती आता पहाटे घरी येते, झोपते आणि दुपारी उठून आदल्या रात्रीच्या बातम्या पाहते.

दुसरा अनुभव तारेचा. एकाच अँटेनाची तार दोन खोल्यांत वाटली, तर जोरही वाटला जातो. प्रत्येकीला निम्म्याहून कमीच मिळतो. एका पाटाचे पाणी दोन वाफ्यांना सोडले तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. जोर वाढवणारे एक यंत्र मिळते. पण मुळात लहर खराब असेल, तर ते यंत्र खराबीच वाढवते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

तिसरा अनुभव वेळेचा, आणि याच्यामागे एक गंमतीची हकिकत आहे. १७ नोव्हेंबर १९६८ रोजी एनबीसी या वाहिनीवर अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता. एक संघ न्यूयॉर्कचा, एक ओकलंडचा. न्यूयॉर्कचा संघ ३२-२९ ने पुढे होता. शेवटचे मिनिट उरले होते. इतक्यात सात वाजले. सात वाजता ‘हायडी’ नावाचे मुलांचे चित्र लागायचे होते. देशाच्या मोठ्या भागात सामना तोडून ते लावले. लोक हळहळले. तेवढ्या एका मिनिटात ओकलंडने दोनदा गुण मिळवले आणि सामना ४३-३२ असा जिंकला! लोक इतके चिडले की वाहिनीची टेलिफोन यंत्रणा कोलमडली. तेव्हापासून शिरस्ता पडला, की सामना पुरा दाखवायचा आणि मगच पुढचा कार्यक्रम लावायचा.

हे चांगलेच झाले. पण पेटीची त्यामुळे अडचण होते. सामना अर्धा तास लांबला की पुढचे सगळे कार्यक्रम अर्धा तास मागे सरकतात. पेटी मात्र घड्याळ पाहून चालते. तिला आठ म्हणजे आठ. मालिका साडेआठला सुरू होते आणि पेटी नऊला हात झटकून मोकळी होते. खुनाची गोष्ट असेल, तर खुनी सापडायच्या आधीच! यावर उपाय आहे. पेटीला सांगून ठेवावे, “या कार्यक्रमानंतर आणखी एक तास चालू राहा.” आम्ही शाळेत असताना दोन तासांच्या मध्ये पाच मिनिटे मोकळी ठेवत असू. कोणी मास्तर थोडे लांबले तरी पुढच्याचे बिघडत नसे. तेच तत्त्व इथे. मात्र असा जादा वेळ ठेवला की तेवढा वेळ एक ट्यूनर अडकून राहतो. म्हणून दोनापेक्षा चार ट्यूनर बरे, असे अनुभवी माणसे म्हणतात.

चौथा अनुभव हावरेपणाचा. मालिकेचे नाव दिले की काही पेट्या तिचे नवे-जुने सगळे भाग गोळा करतात. एकच भाग तीनदा येतो. कणगी भरते. भरली की पेटी सर्वांत जुने पुसते आणि जागा करते. जपून ठेवलेला कार्यक्रम त्यात जातो. म्हणून “फक्त नवे भाग” अशी खूण करावी. जे ठेवायचे आहे, त्यावर “पुसू नको” अशी खूण करावी.

पाचवा अनुभव पेटीच्या तब्येतीचा. डिस्क सतत फिरते, त्यामुळे पेटी तापते. बंद कपाटात कोंडली तर लवकर बिघडते. वीज अचानक गेली तर चालू असलेले काम अर्धवट राहते. पेटीला मोकळी हवा द्यावी. जिथे वीज वारंवार जाते, तिथे बॅटरीची जोड द्यावी.

पेटी आपली, पण यादी कोणाची?

आता पैशाची गोष्ट. हवेतले चित्र फुकट. पण वेळापत्रकाची यादी पुरवणाऱ्या काही कंपन्या तिचे पैसे घेतात. कोणी दरमहा, कोणी दरवर्षी, कोणी एकदाच. बिल चुकवायला अँटेना लावला आणि यादीचे बिल सुरू झाले, असे व्हायचे.

टिवो या कंपनीची पेटी १९९९ साली निघाली. घराघरांत नाव झाले. इतके की कार्यक्रम साठवण्याला लोक “टिवो करणे” असेच म्हणू लागले. पण २०१६ साली तिच्या पहिल्या पेट्यांना यादी मिळणे बंद झाले. पेटी धडधाकट, पण तिला वेळापत्रक नाही. २०२५ साली तर कंपनीने अशा पेट्या विकणेच थांबवले. दुसरी एक पेटी आहे, तिचे नाव टॅब्लो. २०२३ साली निघालेल्या तिच्या नव्या पेटीला यादीचे वेगळे पैसे पडत नाहीत.

यातून काय शिकायचे? वस्तू घेताना किंमत विचारतो, तेवढ्यावर थांबू नये. दुकानदाराला आणखी तीन प्रश्न विचारावेत. पुढे दरमहा काही द्यावे लागेल का? इंटरनेट बंद पडले तर ही पेटी चालेल का? कंपनी उद्या बंद झाली तर ही वस्तू माझ्या किती उपयोगाची राहील? हे प्रश्न टीव्हीच्या पेटीलाच नव्हे, पुष्कळ नव्या यंत्रांना लागू पडतात.

कोर्टात गेलेला प्रश्न

दुसऱ्याने हवेत सोडलेले चित्र आपण घरात साठवायचे, हा गुन्हा तर नाही ना? हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

१९७५ साली जपानच्या सोनी कंपनीने कॅसेटवर टीव्ही साठवणारे यंत्र काढले. त्याचे नाव बीटामॅक्स. १९७६ साली युनिव्हर्सल आणि डिस्ने या सिनेमा कंपन्यांनी सोनीवर दावा लावला. त्यांचे म्हणणे असे, की ही आमच्या मालाची चोरी आहे. खटला वर्षानुवर्षे चालला. मुलांच्या कार्यक्रमासाठी प्रसिद्ध असलेले फ्रेड रॉजर्स यांनी साक्ष दिली. आईबापांनी माझा कार्यक्रम साठवून मुलांना सोयीच्या वेळी दाखवला, तर माझी हरकत नाही, अशा अर्थाचे ते बोलले.

१७ जानेवारी १९८४ रोजी निकाल लागला. पाच न्यायाधीश एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. एका मताने सोनी जिंकली. घरच्यांनी पुढे पाहण्यासाठी कार्यक्रम साठवला, तर तो कायद्याचा भंग नाही, असे ठरले. आजची पेटी याच निकालाच्या आधारावर उभी आहे.

पण या हक्कालाही मर्यादा आहे. एरिओ नावाच्या कंपनीने हजारो छोटे अँटेना एका जागी बसवले. ते भाड्याने देऊन ती चित्र इंटरनेटवरून घरी पाठवू लागली. २५ जून २०१४ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तिच्या विरुद्ध निकाल दिला. स्वतःच्या छपरावर, स्वतःच्या घरासाठी साठवणे निराळे. दुसऱ्याच्या कार्यक्रमावर धंदा करणे निराळे.

आता एक नवा पेच आला आहे. २०१७ साली अमेरिकेत प्रक्षेपणाच्या आणखी नव्या पद्धतीला परवानगी मिळाली. तिचे चित्र अधिक चांगले असते. पण या पद्धतीत केंद्राला आपल्या आकड्यांना कुलूप घालता येते. काही केंद्रांनी ते घातलेही. ज्या पेटीकडे किल्ली नाही, तिला ते चित्र दिसतही नाही आणि साठवताही येत नाही. केंद्रे म्हणतात, चोरी थांबवायला कुलूप हवे. लोक म्हणतात, हवा सर्वांची आहे, घरच्या माणसाला कुलूप कशाला? हा वाद अजून मिटलेला नाही. १९८४ साली कोर्टात मिळालेला हक्क कुलपामुळे हातचा जाईल की काय, ही लोकांची खरी काळजी आहे.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात टीव्ही १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाला. मुंबईत तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी आला. तेव्हा गावोगाव उंच बांबूला अँटेना दिसायचा. आणि “आलं का? आलं का?” असे छपरावरून विचारणारा एक मुलगाही असायचा! दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे बहुतेक मनोरे आता बंद झाले आहेत. त्यांची जागा उपग्रहाने घेतली. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची सेवा आज डीडी फ्री डिश या नावाने चालते. छत्री आणि पेटी एकदा घ्यायची. दरमहा पैसे नाहीत. सह्याद्री वाहिनीही तीत दिसते.

या सेवेसाठी बाजारात मिळणाऱ्या काही पेट्यांना पेन ड्राइव्ह लावायची खाच असते. त्यांतल्या काहींना कार्यक्रम साठवता येतो. पेटी घेताना दुकानात लावून, साठवून आणि पुन्हा चालवून पाहावी. नुसत्या तोंडी शब्दावर घेऊ नये.

वाचक बंधू-भगिनींनो, कष्ट करणाऱ्या माणसाजवळ पैसा थोडा असतो, आणि वेळ तर त्याहून थोडा. पैसा वाचवणारी वस्तू पुष्कळ जण विकतात. पण माणसाला त्याची वेळ परत देणारी वस्तू क्वचित मिळते. ही पेटी तशी आहे. मात्र तिचा धनी आपण राहिले पाहिजे. साठले आहे म्हणून रात्रभर पाहत बसलो, तर वेळ परत मिळाली कुठे? ती पेटीनेच नेली.

वाचा, आठवा आणि सांगा

१. कॅसेटवरचे चित्र आणि आकड्यांत साठवलेले चित्र यांत काय फरक आहे?
२. डिजिटल चित्राला कड्याची उपमा का दिली आहे?
३. सामना लांबला तर पेटीचे काय चुकते? त्यावर उपाय कोणता?
४. पेटी घेताना कोणते तीन प्रश्न विचारावेत?
५. तुमच्या घरी नुकतेच एखादे नवे यंत्र आले असेल, तर हे तीन प्रश्न त्याला लावून पाहा आणि वर्गात सांगा.